आठमाही टायर

आमच्या गोठ्याच्या पत्र्यावर चार टायर ठेवलेले आहेत. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून कुणी दगड ठेवतं, कुणी विटा. आम्ही टायर ठेवले. बावीस वर्षं ते तिथं आहेत. उन्हानं त्यांचा काळा रंग जाऊन राखेसारखा झाला आहे. बायको होती तोवर दर पावसाळ्यात म्हणायची, "आत पाणी साचतंय, डास होतात. टाकून द्या की ते." मी टाकले नाहीत. टाकले असते तर कुणाच्या तरी हाती लागले असते, आणि ज्याला टायरमधलं कळतं अशा माणसानं ते उलटून पाहिले असते.

त्यांच्यावर काय आहे ते आता मीच सांगतो. माझं वय अठ्ठ्याहत्तर. फार थांबण्यात अर्थ नाही.

माझं गाव शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या बाजूला. शेती बरी होती. गावच्या सोसायटीत मी बरीच वर्षं चेअरमन होतो, त्यामुळं बोललेला शब्द सहसा खाली पडत नसे. कांद्याच्या वाहतुकीसाठी मी एक पिकअप घेतली होती आणि तिच्यावर गावातलाच एक ड्रायव्हर होता. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. त्याचं घर मशिदीच्या बोळात, चार पिढ्या तिथंच. गाडी त्याची असल्यासारखी तो ती सांभाळायचा. सकाळी किल्ली लावायच्या आधी चारही चाकांभोवती फिरायचा आणि प्रत्येक टायरच्या खाचेत अंगठा घालून बघायचा. वैद्यानं नाडी बघावी तसा. त्याचं सगळं गाव हसायचं. तो अंगठा काढायचा, पँटीला पुसायचा आणि मग गाडीत बसायचा.

एका वर्षी पावसाळा सरता सरता तो सोसायटीच्या ओट्यावर माझ्याकडं आला. चारचौघं बसले होते.

"आप्पा, टायर गोटा झाल्यात. पुढचे दोन तर पार. हात फिरवला तर टकलावरनं फिरवल्यावानी वाटतंय."

"कुणाच्या टकलावरनं?" मी विचारलं. माझ्या शेजारी आमचा सचिव बसला होता, त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. सगळे हसले. सचिवही हसला.

"हसण्यावारी नेऊ नका आप्पा. आता चांगले मिळत्यात. ऊन, पाऊस, चिखल, बाराही महिने धरणारे."

"बारमाही?" मी म्हणालो. "आरं, आपला कालवा आठमाही, विहिरी सहामाही, आन् तुझ्या गाडीला बारमाही टायर? आपल्याकडं पाऊस पडतोय किती? आपल्याला आठमाही बास!"

आमच्याकडं हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. कालव्याचं पाणी वर्षभर मिळालं तर तो भाग बारमाही, आठ महिने मिळालं तर आठमाही. त्यावर पिकं ठरतात, जमिनीचा भाव ठरतो, सोयरिकी ठरतात. दुष्काळी तालुक्यात राहून आम्ही सगळंच पाण्यावरून मोजायला शिकलो होतो, आणि मी तेच माप टायरला लावलं. ओटा हसून लोटपोट झाला. "आप्पांचे आठमाही टायर" हे महिनाभर गावात फिरत राहिलं. ड्रायव्हरही हसला, पण जाताना त्यानं पुन्हा पुढच्या चाकावरून हात फिरवला ते मी पाहिलं.

नवे टायर घेण्याची ऐपत नव्हती असं कुणी समजू नये. ऐपत होती. पण विनोद गाजला होता, आणि गाजलेल्या विनोदानंतर गुपचूप जाऊन बारमाही टायर घेणं मला कमीपणाचं वाटलं. एवढंच कारण. दुसरं शोधून सापडत नाही.

पुढं ड्रायव्हर चार दिवस लग्नाला गेला. त्या चार दिवसांत मी स्वतः गाडी घेऊन हायवेला गेलो. गोटा टायरवर तापलेल्या पात्यानं पुन्हा नक्षी कोरून देणारे लोक तेव्हा रस्त्याच्या कडेला बसायचे. झाडाखाली बसलेल्या एकानं चारही टायरवर खाचा पाडून दिल्या. रबर जळाल्याचा वास दिवसभर माझ्या कपड्यांना होता. वरून त्यानं काळं पॉलिश फिरवलं. टायर असे चकाकले की क्षणभर मलाच ते नवे वाटले.

लग्नाहून परत आल्यावर ड्रायव्हर चाकांभोवती फिरला. खाचेत अंगठा घातला. बऱ्यापैकी आत गेला.

"नवीन टाकले आप्पा?"

"मग काय."

तो खाली वाकला. टायरच्या कडेवरून बोटं फिरवली. "ह्याला केसं न्हाईत की."

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. साच्यातून निघताना राहतात ते. पहिले काही दिवस टायर कोवळ्या मक्याच्या कणसासारखा दिसतो. हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, पण उत्तर मात्र लगेच सुचलं.

"चार दिवस मीच फिरवली की गाडी. मातीत झडली असतील."

"व्हय, झडत्यात," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडं बघावं लागलं. मग त्यानं गावभर सांगितलं, "आप्पा बोलत्यात तसं, पण करत्यात बरोबर. बारमाही घातले!"

दिवाळी उरकली. हळवा, लवकर येणारा कांदा निघाला होता, तो आम्ही केडगावच्या बाजारात पाठवत होतो. रमजानचे रोजे चालू होते. त्या दिवशी सकाळी ड्रायव्हरच्या शेजारी त्याची बायकोही बसली, कारण केडगाव तिचं माहेर. तीन वाजता उठून तिनं सहेरीचं, रोज्याआधीच्या जेवणाचं केलं होतं, म्हणून गाडी निघताच तिचा डोळा लागला. पहाटे अवकाळी भुरभुर झाली होती. पाऊस म्हणावा असा नाहीच. पण ऊसतोड सुरू झालेली, शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणून टाकलेली. भुरभुरीनं तिचं लोणी झालं होतं. भीमेचा पूल ओलांडल्यावर एक वळण आहे. तिथं गाडी सरळ गेली आणि उसाच्या खोडव्यात जाऊन आडवी झाली.

मी मोटारसायकलवरून पोचलो तेव्हा नऊ वाजले असतील. कांदा वावरभर पसरला होता. ड्रायव्हरच्या डोक्यातून रक्त येत होतं, त्याला जीपमध्ये घालत होते. त्यानं माझं मनगट धरलं.

"मी वळवलं आप्पा. ती वळलीच न्हाई."

त्याच्या बायकोचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. ती ओरडत नव्हती, फक्त एकेक करून लोकांच्या तोंडाकडं बघत होती. जीप गेली.

मग मी गाडीकडं पाहिलं. वरच्या बाजूची दोन चाकं हवेत होती. कोरलेल्या खाचा चिखलानं भरून गेल्या होत्या आणि पुढच्या टायरवर एका जागी पातं जास्त खोल गेलं होतं, तिथून आतले पांढरे धागे दिसत होते. मी चिखलाची मूठ घेतली आणि त्या धाग्यांवर थापली. कुणी बघितलं का ते पाहिलं. कुणी नव्हतं बघत, सगळे कांदे गोळा करत होते.

चौकीतला हवालदार आला. त्यानं ड्रायव्हरला विचारलं नाही, तो तर जीपमधून गेला होता. मला विचारलं, कारण मी मालक.

"टायर कसे होते, चेअरमनसाहेब?"

"नवीनच टाकलेत. दिवाळीच्या आधी."

"मग झालं काय? रस्ता चांगला, दिवसाउजेडी..."

तेव्हा मी म्हणालो, "रोजे चाललेत त्याचे. तीनला उठतो. डुलकी लागली असंल."

आजूबाजूच्या लोकांनी माना हलवल्या. "व्हय, व्हय, उपाशी माणूस." एकानं च्च्च केलं. हवालदारानं लिहून घेतलं. मी 'असंल' म्हणालो होतो. कागदावर 'असंल' उतरलं नाही. पंचनाम्यात आलं: चालकास डुलकी लागल्याने. त्याखाली पंच म्हणून माझी सही आहे. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की मी नुसता अंदाज बोललो, पक्कं केलं ते लिहिणाऱ्यानं. त्या एका 'असंल'च्या आडोशाला मी बसून राहिलो. खरं असं, की ज्याला सगळं माहीत आहे त्यानं अंदाज बोलणं म्हणजेच खोटं बोलणं.

त्याचा उपास मी त्याच्याविरुद्ध वापरला. हे वाक्य मी तीन वेळा खोडलं आणि तीन वेळा पुन्हा लिहिलं आहे.

गाडी उचलून आणली त्याच दिवशी मी टायर काढून घेतले आणि गोठ्यावर टाकले. खरोखरचे नवे टायर बसवले. ते आतापर्यंत कुणालाच विचित्र वाटलं नाही.

दोन महिन्यांनी ड्रायव्हर माझ्याकडं आला. डोक्याची पट्टी निघाली होती.

"आप्पा, लय आठवून बघितलं. झोप आल्याचं आठवत न्हाई. मी वळवल्यालं आठवतंय. पण टायर नवे व्हते. ब्रेक तर आदल्या दिवशी बघितल्यालं. मंग दुसरं काय असणार? डोळाच लागला असंल."

तो माझ्या तोंडाकडं बघत होता. एक शब्द पुरला असता.

"होतं माणसाचं कधी कधी," मी म्हणालो. "मी काही मनात धरलं नाही. नुकसानीचं नाव काढू नकोस."

म्हणजे मी त्याला माफ केलं. गावात माझं नाव झालं. मोठ्या मनाचा माणूस. त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला. त्यांच्यात असं करत नाहीत, तरी लावला.

मी त्याला पुन्हा गाडीवर घेतलं नाही. मी घेतलं नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुणी घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्याचं नाव डुलकी पडलं. "डुलकी, चहा घेतोस का, झोप उडंल." "डुलकी, जागा हायेस न्हवं?" रमजान आला की जास्तच. वर्षभरात त्यानं गाव सोडलं आणि बायकोच्या माहेरी, केडगावला गेला. तिथं एका गुऱ्हाळावर चुलाणाला जाळ घालायच्या कामाला लागला. स्टेअरिंग धरलेले हात चुलाणात उसाचं पाचट ढकलायला लागले. बाजारात कधी दिसायचा. मला बघून खाली मान घालायचा. मान त्यानं घालायची, हे मी बघत राहायचो.

त्याची बायको मला एकदाच भेटली, तीही एसटीत. शिरूरहून दौंडकडं जाणाऱ्या गाडीत ती ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर बसली होती आणि त्याच्याशी अखंड बोलत होती. ज्वारीचं काय, सुनेचं काय, कुणाची म्हैस कशी विकली. पाय एका बाजूला लांब करून ठेवलेला. कंडक्टर वैतागला.

"मावशी, जरा दम खावा की. ड्रायव्हरचं डोकं उठलं आज."

"उठूदे," ती म्हणाली. "झोपला न्हाई म्हंजी झालं."

गाडी हसली. मी मागच्या सीटवर होतो. पुढच्याच थांब्यावर उतरलो आणि पुढची गाडी येईपर्यंत उन्हात उभा राहिलो.

हे सगळं असंच माझ्याबरोबर सरणावर गेलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलानं गाडी घेतली. तो कुरकुंभच्या बाजूला एका कारखान्यात आहे, राहतो दौंडला. मोठी, उंच, सात माणसांची गाडी, पण कुणी तरी वापरलेली. नातवंडांना घेऊन दर रविवारी गावाला येता येईल म्हणून. तिचा एक टायर सारखी हवा सोडायला लागला तेव्हा तो मला म्हणाला, "आप्पा, चला, तुम्ही गाडी ठेवलेला माणूस. टायर बघू." आधी शिरूरला विचारलं, त्या मापाचे नव्हते. म्हणून दौंडला गेलो.

दुकानदार जाडा, बोलका, कानावर पेन अडकवलेला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि सरळ म्हणाला, "चारही काढा साहेब."

"चारही?" मुलगा म्हणाला. "खराब एकच झालाय. बाकीच्यांना नक्षी बघा की, भरपूर आहे."

"नक्षी बघू नका, जन्म बघा." दुकानदारानं टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे दाखवले. "पहिले दोन म्हंजी आठवडा, नंतरचे दोन म्हंजी साल. हे आठ वर्साचं हाय. गाडी उभी राहिली असंल नुसती, म्हणून झिजलं न्हाई. पण रबर वाळलं की दगड होतंय. नख लावा. रुततंय का? कोरड्यात चालंल. ओल्यात सरकणार. नक्षी एकटी काय धरणार? धरतंय ते मऊ रबर."

त्यानं दोन प्रकार समोर ठेवले. एक जाड गुट्ट्यांचा, डोंगर चढणाऱ्या गाड्यांना असतो तसला. मुलाचा डोळा त्याच्यावर होता. "शेतात पण जाते आपली गाडी."

"शेतात महिन्यातनं चार वेळा जाता, डांबरावर रोज," दुकानदार म्हणाला. "हे गुट्ट्यांचं डांबरावर आवाज करतंय आन् ओल्या डांबरावर तेवढं धरत न्हाई. हे दुसरं घ्या, ऑल सीझन. बाराही महिने. मधल्या ह्या चार खाचा पाणी बाहेर फेकत्यात, आन् रबर थंडीत पण मऊ राहतंय."

मुलगा माझ्याकडं बघून हसला आणि दुकानदाराला म्हणाला, "आमच्या आप्पांचं काय म्हणणं होतं माहितीय का? दुष्काळी तालुक्याला बारमाही टायर कशाला! आपल्याला आठमाही बास! अजून गावात सांगतात." मग माझ्याकडं वळून, "काय आप्पा? एकच बदलू आणि बाकीचे चालवू. आपल्याकडं पाऊस पडतोय किती?"

दुकानदार मनापासून हसला. "आठमाही! हे भारी हाय. बोर्डावर लिवतो."

नव्या टायरवरचे केस माझ्या समोर होते. शेकडो, बारीक, काळे. दुकानात रबराचा वास होता. मी एका केसावर बोट ठेवलं.

"चारही बदल," मी मुलाला म्हणालो. "बारमाहीच घाल."

"अहो, पण..."

"तुझी पोरं बसणार आहेत त्यात."

माझा आवाज असा आला असावा की त्यानं पुन्हा विचारलं नाही. टायर चढवायला तासभर लागणार होता. आम्ही बाहेर बाकावर बसलो. काही वेळानं तो म्हणाला, "आप्पा, झालं काय?" आणि मी त्याला सांगितलं. झाडाखालचा माणूस, केस, चिखलाची मूठ, 'असंल', सगळं. आतमध्ये हवेचं मशीन सुरू व्हायचं तेव्हा मी थांबायचो, बंद झालं की पुढं बोलायचो.

तो रागवेल याची मी वाट बघत होतो. त्यानं एवढंच विचारलं, "चाचांना माहितीय?"

"नाही."

"केडगाव वाटेतच आहे," तो म्हणाला आणि उठून टायर बघायला आत गेला.

दौंड ते केडगाव नवे टायर इतके शांत चालत होते की मला माझा श्वास ऐकू येत होता.

दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याची पडवी. भर दुपारची वेळ. वस्तीतली सगळी माणसं आडवी झालेली आणि तो मात्र खाटेवर ताठ बसलेला. केस पांढरे, दाढी पांढरी, हात कोपरापर्यंत जाळानं करपलेले. डोळ्यांवर हात धरून त्यानं पाहिलं.

"कोण? आप्पा? या की, या." तो उठायला लागला.

"बस, बस. झोपला नव्हतास?"

"दिवसा मी पडत न्हाई आप्पा. तवापासनं न्हाई."

त्याची बायको पाय ओढत आली. ती आता बहिरी झाली आहे. माझ्याकडं बघून तिनं मान डोलावली, मुलाच्या गालाला हात लावला आणि चहा ठेवायला आत गेली. मी चहाच्या आधी बोललो. चहा पिऊन मला ते जमलं नसतं.

"ते टायर नवे नव्हते."

"कोणते?"

"पिकअपचे. तू लग्नाला गेला होतास तेव्हा मी जुन्यावरच खाचा कोरून आणल्या. वरून पॉलिश केलं. तुला नवे म्हणून सांगितलं."

त्यानं आपल्या उजव्या हाताचा अंगठा पाहिला.

"केसं नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"मी इचारलं व्हतं तुमाला."

"विचारलं होतंस."

"मंग मी जागा व्हतो."

"तू जागा होतास."

"मी वळवलं व्हतं."

"वळवलं होतंस."

त्याचे ओठ हलत होते. जणू तो त्या वळणावरून पुन्हा एकदा जात होता आणि या वेळी डोळे उघडे होते. मग तो म्हणाला, "मला सांगून काय आप्पा? तिला सांगा."

ती दारात आली होती. मी सांगितलं. "आं?" ती म्हणाली. पुन्हा सांगितलं.

"मोठ्यानं बोला," तो म्हणाला. "तिला आयकू येत न्हाई."

मी बावीस वर्षं जे मनातल्या मनातसुद्धा हळू बोलत होतो ते मला ओरडून सांगावं लागलं. "ह्याला डुलकी लागली नव्हती! टायर खराब होते! मीच घातले होते! मी खोटं बोललो!" समोरच्या घरातलं शिलाई मशीन थांबलं. एक बाई दारात आली, दुसरी भिंतीवरून डोकावली. मी ओरडतच होतो. खोकला येईपर्यंत.

ती नवऱ्याकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

"मंग मी इतकी वर्सं उगंच बडबडत बसले व्हय?" ती म्हणाली. "हरेक गाडीत?"

मग ती माझ्याकडं वळली. "तुमाला पहिल्या दिसापासनं ठावं व्हतं?"

मी होकाराची मान हलवली. एवढ्यासाठी ओरडावं लागलं नाही.

ती आत गेली. चहा उतू गेल्याचा वास आला. गॅस बंद झाल्याचा आवाज आला. चहा आला नाही. आमच्याकडं वैऱ्यालाही चहा विचारतात. आम्ही उठलो.

तो आमच्या मागं गाडीपर्यंत आला. चाकांभोवती फिरला, सवयीनं. पुढच्या डाव्या चाकाशी कष्टानं खाली बसला आणि कडेवरून बोटं फिरवली. एक केस उपटून तळहातावर धरला.

"हायेत," तो म्हणाला. मग माझ्या मुलाला म्हणाला, "नवं रबर पहिल्यांदी सरकतंय बाळा. दोन दीस सावकाश चालव." माझ्याकडं न बघता त्यानं विचारलं, "ते जुने हायेत का अजून?"

"आहेत. गोठ्याच्या पत्र्यावर."

"त्यातला एक आणून टाका हितं. दारात."

दुसऱ्या दिवशी मुलानं शिडी लावून पुढच्या चाकाचा तो टायर खाली काढला. पत्र्यावर त्याच्याखाली गोल जागा तशीच चकचकीत राहिली होती, बाकी सगळा पत्रा गंजलेला. आम्ही टायर केडगावला नेला. तो दारातच उभा होता. आदल्या दिवशीच्या दोन बायका होत्या, आणखी तिघंचौघं होते. त्यानं टायर उभा केला, फिरवत फिरवत धागे दिसत होते ती जागा शोधली आणि तिथं अंगठा ठेवला. आलेल्या प्रत्येकाला बोलावून ती जागा दाखवली. नंतर टायर दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

पंचनामा आता कुठल्या कपाटात असेल, असेल की नाही, मला माहीत नाही. चौकीत विचारायला गेलो होतो. तिथल्या पोरसवदा पोलिसानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, एवढं जुनं आता कोण काढणार?" म्हणून हे इथं लिहिलं. त्या कागदावर जिथं 'डुलकी लागल्याने' आहे तिथं हे वाचावं.

टायर नेऊन दिला त्या दिवशी निघताना मी ड्रायव्हरला हात जोडले. त्याच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा टोमणा ऐकला.

"आठमाही म्हणत व्हता तुमी," तो टायरकडं बघत म्हणाला. "पत्र्यावर बारमाही टिकला की, आप्पा."